वाटीखालची कळ आणि दसऱ्यापर्यंतचा हिशोब

«ताई, मी २२ वर्षांचा, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. दांडिया बाजारात राहतो, शाळेपासून खो-खो खेळतो. गेल्या नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा खेळलो, दिवाळीनंतर लगेच सराव सुरू केला, आणि तेव्हापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. खेळायला लागलं की पंधरा मिनिटांत थांबतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जीव जातो. तीन वेळा तीन-तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दर वेळी बरं वाटतं आणि मैदानात उतरलो की परत तेच. आजी महानारायण तेल चोळते. आखाड्यातले दादा म्हणतात, रोज २०० बैठका मार, नस मोकळी होईल. सोनोग्राफीत ‘पटेलर टेंडिनोपॅथी’ आलंय, बारीक फाट आहे असंही लिहिलंय. एकांनी इंजेक्शन सुचवलं. आई म्हणते, खेळ सोड आणि नोकरी बघ. चैत्रात तिला पावागढला न्यायचंय. मी दसऱ्यापर्यंत मैदानात येईन का?»

प्रिय भावा,

येशील, असं मला मनापासून वाटतं. आत्ता फाल्गुन चाललाय, हातात सात महिने आहेत, आणि या दुखण्याला साधारण तेवढेच लागतात. पण हे सात महिने मागचे पाच घालवलेस तसेच गेले, तर कार्तिकात हेच पत्र मला पुन्हा येईल.

आधी एक कर. खुर्चीत बस, उजवा पाय समोर स्टुलावर ठेव, मांडी सैल सोड. आता कुठं दुखतं ते एका बोटानं दाखव. बोट वाटीच्या खालच्या टोकावर, पेराएवढ्या जागेत जाऊन थांबलं, तर रिपोर्टमधलं निदान, म्हणजे वाटीखालच्या कंडरेचं (टेंडनचं) दुखणं, बरोबर आहे असं धरून चालू. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी मुलं अगदी असंच दाखवतात, तर्जनी टेकवून, ‘इथे, ताई, इथेच.’ खेळताना अंग तापलं की दुखणं विरतं आणि दुसऱ्या सकाळी जिन्यावर भेटतं, हीही याच दुखण्याची खूण. तू ती न विचारता लिहिलीस.

पण बोटाऐवजी पूर्ण तळहात गुडघ्यावर फिरला, गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल किंवा वळताना ‘कट्’ असा आवाज येऊन दुखणं सुरू झालं असेल, तर पुढचं काही करू नकोस. ते लिगामेंटचं किंवा आतल्या गादीचं असू शकतं. सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सयाजी रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, खर्चाची काळजी करू नकोस. आणि कधी उडी मारताना सणक येऊन पाय सरळ उचलताच येईना, किंवा गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

आता तुझ्या गुडघ्यात काय झालंय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझं पुढचं म्हणणं तुला पटणार नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचा दांडगा स्नायू वाटीला धरतो, आणि वाटीच्या खालून निघालेली कंडरा नडगीच्या उंचवट्याला जाऊन चिकटते. तुझी मांडी जेवढा जोर लावते तो सगळा त्या चार-पाच सेंटिमीटरच्या पट्टीतून जातो. तू चौकात बसलेला असतोस, टाच उचललेली, अंग पुढे झुकलेलं. पाठीवर थाप पडते, ‘खो’ ऐकू येतं आणि एका क्षणात उसळून उठतोस. त्या क्षणी कंडरा स्प्रिंगसारखी ताणून सुटते. खांबापाशी वेग मोडून वळताना पुन्हा तेच. त्या वेळी तिच्यावर येणारा भार तुझ्या वजनाच्या कित्येक पट असतो. उड्यांच्या खेळांत हे दुखणं घरोघरी आहे. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांपैकी जवळजवळ ४५ टक्के लोकांना ते होतं.

मग तुलाच आत्ता का? शाळेपासून खेळतोयस, कधी दुखलं नाही. गेल्या आश्विनात बघ काय झालं. नऊ रात्री, रात्री तीन-तीन तास, अनवाणी, कडक जमिनीवर उड्या आणि गिरक्या. नंतर दिवाळीचे दिवस फराळात आणि लोळण्यात गेले, आणि मग थेट पूर्ण सराव. कंडरेला भाराची सवय लागते, पण हळूहळू. भार एकदम चढला, मग एकदम उतरला, मग पुन्हा एकदम चढला. तिथे तिचं गणित चुकलं.

आणि विश्रांतीनं का बरं होत नाही, तेही इथंच आहे. कंडरा म्हणजे विहिरीचा दोर नाही की झिजला आणि संपला. ती जिवंत आहे. जेवढं काम मागशील तेवढ्यासाठी ती स्वतःला बांधते. तीन आठवडे काहीच मागितलं नाहीस, म्हणून ती गप्प बसली. तू समजलास बरी झाली. प्रत्यक्षात त्या तीन आठवड्यांत तिची ताकद आणखी उतरली आणि मांडीही उतरली. खोटं वाटत असेल तर आजीची शिवणाची टेप घे. वाटीच्या वरच्या कडेपासून चार बोटं वर खूण कर आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोज. उजवी डावीपेक्षा बारीक भरली तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. म्हणजे प्रत्येक विश्रांतीनंतर तू आधीपेक्षा कमजोर पाय घेऊन आधीइतक्याच जोरानं मैदानात उतरलास. यात तुझा दोष नाही, दुखलं की बस हेच आपण लहानपणापासून ऐकतो.

रिपोर्टमधल्या ‘फाट’ या शब्दानं तुझी झोप उडाली असणार. अशा बारीक फाटी आणि काळसर ठिपके ज्यांचं तिळभर दुखत नाही अशा खेळाडूंच्या सोनोग्राफीतही दिसतात. पूर्ण बरे होऊन खेळायला लागलेल्यांच्या चित्रातही ते राहतात. त्यामुळे महिन्या-महिन्याला सोनोग्राफी करत बसू नकोस. तुझी प्रगती जिन्यावर कळेल, कागदावर नाही.

इंजेक्शनबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो रस्ता मी स्वतः चालून आले आहे. मी २४ वर्षांची होते, खो-खोच खेळत होते, आणि हेच दुखणं होतं. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. एका दवाखान्यात वाटीखाली स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी दुखणं गायब. मला वाटलं जादू झाली. मी सगळे सामने खेळले, अगदी जीव तोडून. तीन महिन्यांनी बसलेली उठताना हात टेकावे लागत होते, आणि नंतर दीड वर्ष मैदानाकडे फिरकले नाही. स्टेरॉइडनं काही आठवडे खूप बरं वाटतं, पण पुढच्या महिन्यांत अशा पायांची अवस्था व्यायाम केलेल्यांपेक्षा वाईट होते, आणि कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचीही भीती असते. माझी तुटली नाही, हे नशीब. त्या दीड वर्षातच मी फिजिओथेरपीकडे वळले. म्हणून कळकळीनं सांगते, वाटीखालच्या कंडरेत स्टेरॉइड घेऊ नकोस. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या, म्हणजे प्लेटलेट्सच्या इंजेक्शनची हल्ली बरीच चर्चा असते. महाग आहे, आणि या कंडरेत ते साध्या सलाइनच्या सुईपेक्षा जास्त काम करतं असं सिद्ध झालेलं नाही. ते पैसे राहू देत.

मग करायचं काय? कंडरेला भार द्यायचा. मोजून, संथ, आणि चढत्या क्रमानं.

पहिले दोन-तीन आठवडे भिंत. पाठ भिंतीला टेक, पावलं दीड-दोन फूट पुढे ठेव आणि घसरत खाली ये. मांड्या जमिनीला समांतर होण्याआधी, गुडघे साधारण ६० अंश वाकले की थांब. उडी मारायची नाही, हलायचं नाही, नुसतं थांबायचं. ४५ सेकंद. मांडी थरथरली पाहिजे, तेवढा जोर हवा. दोन्ही पायांवर सोपं वाटू लागलं तर वजन उजव्या पायाकडे सरकव. उठ, दोन मिनिटं घरात फिर, पाणी पी, पुन्हा ये. असं पाच वेळा, रोज. पुष्कळ जणांची कळ अशा स्थिर दाबानं तेवढ्यापुरती सैल पडते, म्हणून सुरुवात इथून.

दुखू द्यायचं का, हा प्रश्न आता तुझ्या मनात असणार. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, असं धर. तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण खरा निकाल त्या वेळी लागत नाही. ही कंडरा दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते. म्हणून रोज सकाळी, चहाच्या आधी, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहा, कठडा धर, उजव्या पायावर थोडासा वाकून डावं पाऊल खाली जमिनीला लागेपर्यंत जा. किती दुखलं? आकडा वहीत लिही. रोज तीच पायरी, तीच वेळ. कालच्याइतका किंवा कमी आकडा आला तर कालचं काम योग्य होतं. दोनानं वाढला तर काल जास्त झालं, आज थोडं कमी कर. बंद मात्र करू नकोस. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी जे ही वही ठेवतात त्यांचा रस्ता सरळ जातो, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

भिंत जमली, सकाळचे आकडे स्थिर झाले, की वजन. इथं दादांची बैठक कामाला येते. दादांना उलट बोलू नकोस. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या काळापासून जुम्मादादा व्यायाममंदिरात व्यायामाबरोबर हाडं-सांधे बसवण्याची विद्याही चालत आली, त्यामुळे दुखलं की आपली मुलं आधी आखाड्यात विचारतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण निखळलेला सांधा बसवता येतो, इथं काही निखळलेलं नाही. नसही अडकलेली नाही. बैठक हेच तुझं औषध आहे, फक्त तिची मात्रा उलटी आहे. झपाझप २०० मारल्यास तर तीच स्प्रिंगची ओढाताण. तुला हव्यात थोड्या, जड आणि इतक्या संथ की बघणाऱ्याला कंटाळा यावा. खाली जायला तीन-चार सेकंद, वर यायला तीन-चार सेकंद. पाठीवर सॅक, तिच्यात आजीच्या कोठीतलं पाच किलो तांदळाचं पाकीट, मग दहा किलो. जिम असेल तर लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शनची मशीन उत्तम, कारण तिथं वजन नेमकं मोजता येतं. पहिल्या आठवड्यात १५ वेळा होईल एवढं वजन, चार फेऱ्या. मग वजन वाढवत १२, १०, ८, आणि दोन-अडीच महिन्यांनी फक्त ६ वेळा उचलता येईल इतकं जड. शेवटची दोन जिवावर आली पाहिजेत. पुढे पुढे एका पायावरही कर, नाहीतर डावा पाय हळूच सगळं काम स्वतःकडे घेतो आणि तुला पत्ता लागत नाही.

हे एक दिवसाआड, रोज नाही. भार दिल्यावर कंडरा आतून बांधकाम करते आणि त्याला दीड-दोन दिवस लागतात. मधल्या दिवशी भिंत, आणि पोटरीच्या, नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम. कमाटी बागेत चालायलाही जा.

हा टप्पा बारा आठवडे. इथंच बहुतेक जण सोडतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुखणं कमी होतं, मित्र हाका मारतात, आणि ‘आज जरा खेळून बघतो’ असं होतं. तेव्हा वहीतली पहिली पानं उघडून बघ.

उड्या आषाढापासून. एका पायावर जड बैठका दोन्ही बाजूंनी सारख्या झाल्या आणि सकाळची पायरी आठवडाभर एकच्या आत राहिली, की मगच. आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी, दहा-दहा. मग पुढे, मग एका पायावर. उड्यांचा दिवस तीन दिवसांतून एक. नंतर सरळ धाव, नंतर चौकात बसून खो घेऊन उठणं, नंतर खांबाचं वळण. खांबावरची झेप सगळ्यात शेवटी, आणि तिची घाई करशील तर माझी शपथ आहे.

खरं सांगायचं तर दसरा गाठणं जमतं, पण ते ठरलेलं नसतं. नेदरलँड्समध्ये असेच ७६ खेळाडू दोन गटांत विभागून चढत्या भाराच्या व्यायामाची परीक्षा झाली. २४ आठवड्यांनी बहुतेकांचा पाय पुष्कळ सुधारला होता, पण हा व्यायाम केलेल्या गटातही आधीच्याच पातळीवर आपल्या खेळात परतलेले ४३ टक्के. बाकीच्यांना आणखी वेळ हवा होता. तू त्यांच्यात निघालास तर दसऱ्याऐवजी संक्रांत होईल. राफाएल नदाल २००९ साली गतविजेता असूनही गुडघ्याच्या कंडरेच्या दुखण्यामुळे विम्बल्डन खेळू शकला नाही. २०१० मध्ये तो तीच स्पर्धा जिंकला.

गरबा. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण बडोद्यातल्या पोराला हे सांगणं सोपं नाही. नवरात्राच्या नऊ रात्री संपल्या की लगेच तुझा दसरा. नऊ रात्री नाचून दहाव्या दिवशी खो-खो, हे या वर्षी होणार नाही. तीन रात्री निवड, मध्ये दोन-दोन रात्री सोडून, तासभरच. बाकीच्या रात्री टाळ्या वाजव, मैत्रिणींचे चणिया-चोळीतले फोटो काढ.

आजीचं तेल चालू दे. कंडरेवर त्याचा फारसा परिणाम नाही, पण चोळल्यानं बरं वाटतं आणि आजीलाही बरं वाटतं. शेक की बर्फ? ज्यानं आराम पडेल ते. वाटीखाली बांधायचा पट्टा मिळतो, त्यानं काहींना खेळताना कमी दुखतं, वापरायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात मात्र उतरू नकोस, ती दुखणं झाकते आणि तू मर्यादा ओलांडतोस.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. पोट बिघडलं की आपल्याकडे परस्पर दुकानातून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा तिच्या जातीच्या गोळ्या आणून खातात. ही औषधं कंडरांना इजा करू शकतात, अगदी तुटण्यापर्यंत. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००८ साली त्यांच्यावर तसा ठळक इशारा छापायला लावला. कुठल्याही डॉक्टरकडे गेलास तर ‘माझी कंडरा दुखते’ हे आधी सांग, दुसरं अँटिबायोटिक बहुतेक वेळा असतं.

पावागढला आईला जरूर ने. मांचीपर्यंत गाडी, पुढे रोपवे, जातानाही आणि येतानाही. रोपवे सोडल्यावर देवळापर्यंत पायऱ्या आहेतच, त्या कठडा धरून सावकाश. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. उतरणं चढण्यापेक्षा जास्त दुखतं, तेव्हा तिथं आईनं हात धरला तर धरू दे. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे ‘पावागढ’ असं लिही, म्हणजे नंतर गोंधळ होणार नाही.

आणि आईला हे वाचून दाखव: काकू, खेळ सोडल्यानं हा गुडघा बरा होणार नाही. उद्या त्याला मकरपुऱ्यात नोकरी लागली तरी कंपनीच्या बसची पायरी आहे, जिने आहेत. व्यायाम त्याला दोन्हीकडे करावाच लागेल, एक दिवसाआड पाऊण तास. तेवढ्यात अभ्यास बुडत नाही. नोकरीचा विषय वेगळा आहे, तो तुम्ही दोघं बसून बोला, गुडघ्याच्या नावावर नको.

सुरू करण्यापूर्वी जवळच्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष पाय दाखव, भिंतीची आणि बैठकीची ढब त्यांच्यासमोर एकदा करून बघ. पत्रातून मला तुझा गुडघा आत वळतो की नाही ते दिसत नाही.

शंभर पानी वही घे. पहिल्या पानावर आजची तारीख, दोन्ही मांड्यांची मापं आणि उद्या सकाळच्या पायरीसाठी एक रिकामी ओळ. वैशाखात ती पानं मला पाठव.

तुझी,
ताई